ज्याने त्याच्या गरोदर बायकोला हिटलरच्या हवाली केलं, त्यालाच त्याने पाठिंबा दिला

एप्रिल १९४५. ब्राझीलची राजधानी तेव्हा रिओ दि जानेरो होती. तिथल्या तुरुंगातून ४७ वर्षांचा एक बुटका, किडकिडीत माणूस बाहेर पडला. नाव लुईस कार्लोस प्रेस्तेस. तब्बल नऊ वर्षं तो आत होता आणि त्यातला बराच काळ एकांतकोठडीत.

त्याला आत टाकणारा माणूस होता ब्राझीलचा हुकूमशहा जेतुलियो वर्गास. याच वर्गासच्या सरकारने प्रेस्तेसच्या बायकोला, ती सात महिन्यांची गरोदर असताना, जहाजात बसवून जर्मनीला पाठवलं होतं. ती ज्यू होती, त्यात कम्युनिस्ट होती आणि जर्मनीत हिटलर सत्तेवर होता. पुढे काय होणार हे कुणालाही कळण्यासारखं होतं.

प्रेस्तेस सुटला आणि साधारण महिन्याभराने वास्को द गामा क्लबच्या स्टेडियमवर त्याची जंगी सभा लागली. स्टेडियम तुडुंब भरलं. आता हा गडी वर्गासचे वाभाडे काढणार, असं कुणालाही वाटलं असतं. पण प्रेस्तेस बोलला ते राष्ट्रीय ऐक्याबद्दल. फॅसिझमविरुद्धच्या युद्धात ब्राझील आता योग्य बाजूला उभा आहे, म्हणून वर्गासच्या पाठीशी उभं राहायचं, असा त्याचा सूर होता.

हा माणूस दगडाच्या काळजाचा होता, की पक्षाच्या शिस्तीपुढे त्याने स्वतःचं दुःख गिळलं होतं? ब्राझीलमध्ये यावर आजही वाद होतात. त्यासाठी त्याची गोष्ट सुरुवातीपासून बघायला लागते.

प्रेस्तेसचा जन्म ३ जानेवारी १८९८ चा. गाव पोर्तो आलेग्रे, म्हणजे ब्राझीलचं दक्षिण टोक. वडील लष्करात अधिकारी होते, पण पोरगा दहा वर्षांचा असतानाच ते गेले. आई लेओकादिया शिक्षिका. तिने शिकवण्या केल्या, शिवणकाम केलं आणि रिओमध्ये एक मुलगा आणि चार मुली वाढवल्या. पोराला सैनिकी शाळेत घालायचं कारण देशभक्ती वगैरे काही नव्हतं. लष्करातल्या अधिकाऱ्याच्या मुलाला तिथलं शिक्षण फुकट पडायचं, एवढंच. पोरगं गणितात मात्र विलक्षण निघालं. लष्करी अकादमीतून तो इंजिनिअर होऊन बाहेर पडला.

तेव्हाचा ब्राझील कागदोपत्री लोकशाही देश होता. प्रत्यक्षात साओ पावलोचे कॉफीवाले आणि मिनास जेराइसचे दुधावाले आलटून पालटून राष्ट्राध्यक्ष बसवायचे. लोक या राजकारणाला दूध-कॉफीचं राजकारण म्हणायचे. मतदान गुप्त नव्हतं, त्यामुळे जमीनदार सांगेल तिथे मत पडायचं. निरक्षरांना तर मतच नव्हतं, आणि बहुसंख्य जनता निरक्षर होती.

याचा राग सर्वात आधी लष्करातल्या तरुण लेफ्टनंटांना आला. ५ जुलै १९२२ ला कोपाकबानाच्या किल्ल्यात त्यांनी बंड केलं. प्रेस्तेस त्या कटात होता, पण ऐनवेळी टायफॉइडने अंथरुणाला खिळला आणि वाचला. मग त्याची बदली दक्षिणेत सांतो आंजेलो नावाच्या गावी झाली, रेल्वेचं काम करणाऱ्या बटालियनमध्ये. १९२४ मध्ये साओ पावलोत दुसरं बंड झालं आणि ऑक्टोबरमध्ये प्रेस्तेसने आपली बटालियन घेऊन त्यात उडी मारली. वय वर्षं २६.

इथून पुढचा भाग एखाद्या दंतकथेसारखा आहे.

एप्रिल १९२५ मध्ये साओ पावलोचे बंडखोर आणि प्रेस्तेसचे लोक एकत्र आले. जेमतेम दीड हजार माणसं. अधिकृत प्रमुख होता मिगेल कोस्ता, पण डोकं प्रेस्तेसचं, आणि इतिहासात पलटणही त्याच्याच नावाने ओळखली गेली. सरकारी फौज कित्येक पटींनी मोठी. समोरासमोर भिडलं तर एका दिवसात खेळ खलास. मग प्रेस्तेसने जे तंत्र वापरलं त्याला मराठीत सरळ गनिमी कावा म्हणता येईल. एका जागी थांबायचं नाही. शत्रू दमला की चिमटा काढायचा आणि पसार व्हायचं. छोट्या टोळ्या मुख्य पलटणीच्या पुढे आणि बाजूला पसरायच्या, घोडे आणि गुरं गोळा करून आणायच्या, सोबत खबरही आणायच्या. खरं सांगायचं तर ही पलटण त्या टोळ्यांच्या डोळ्यांवर आणि पोटावर चालत होती.

पलटणीत पन्नासेक बायकाही होत्या. प्रेस्तेसचा त्यांना सुरुवातीला विरोध होता. नदी ओलांडताना त्यांनी मागेच राहावं असा हुकूम निघाला, तरी त्या आल्याच. पुढे जखमींची सेवा करण्यापासून बाळंत होऊन पुन्हा चालायला लागण्यापर्यंत त्यांनी सगळं केलं.

ही पलटण सुमारे २५ हजार किलोमीटर फिरली. काश्मीर ते कन्याकुमारी हे अंतर सहा-सात वेळा तुडवल्यासारखं. तेही घोड्यावर आणि पायी, जंगलातून, दलदलीतून, काटेरी दुष्काळी मुलखातून. जाईल तिथे कराच्या वह्या जाळायच्या, कोठडीतल्या छळाच्या साधनांची मोडतोड करायची. सरकारला तिला एकदाही निर्णायक हरवता आलं नाही.

सरकार किती हातघाईला आलं होतं याचा एक किस्सा भारी आहे. ईशान्य ब्राझीलमध्ये लाम्पियाओ नावाचा कुख्यात डाकू होता. १९२६ मध्ये त्याला जुआझेरो गावी बोलावून घेतलं. तिथे पाद्रे सिसेरो नावाच्या धर्मगुरूचा शब्द चालायचा आणि लाम्पियाओ त्याला मानायचा. डाकूला कॅप्टनची सनद दिली, नवीन रायफली दिल्या आणि प्रेस्तेसला अडवायला सांगितलं. सनदेवर सही कुणाची, तर कृषी खात्याच्या एका कर्मचाऱ्याची! लाम्पियाओने बंदुका घेतल्या, कॅप्टनपद आयुष्यभर मिरवलं आणि प्रेस्तेसच्या वाटेला गेलाच नाही.

पण दंतकथेची दुसरी बाजूही आहे. ही पलटण ज्या गरिबांसाठी लढत होती, तेच तिला बघून रानात लपायचे. कारण सोपं होतं. पलटणीला घोडे लागायचे, गुरं लागायची आणि ती शेतकऱ्याच्या गोठ्यातूनच यायची. बदल्यात पावती मिळायची, क्रांती जिंकली की पैसे देऊ म्हणून. पियांको गावात तर पलटणीवर गोळीबार झाल्यावर तिथल्या राजकारणी पाद्र्याला आणि त्याच्या साथीदारांना पकडून ठार मारलं गेलं. बंडखोरांच्या मागण्या काय होत्या? गुप्त मतदान, भ्रष्टाचाराला आळा, राष्ट्राध्यक्ष बदला. ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याला या मागण्यांमध्ये काय मिळणार होतं?

फेब्रुवारी १९२७ मध्ये उरलेली सव्वासहाशेच्या आसपास माणसं बोलिव्हियात शिरली आणि त्यांनी शस्त्रं खाली ठेवली. हरली नव्हती, पण जिंकलीही नव्हती. प्रेस्तेसला वर्तमानपत्रांनी ‘आशेचा सरदार’ अशी पदवी दिली. तो मात्र बोलिव्हियाच्या रानात आपल्या माणसांना काम मिळवून देत होता आणि विचार करत होता. अडीच वर्षांत त्याने देशाचं जे दारिद्र्य पाहिलं, त्यावर गुप्त मतदान हा इलाज नाही, एवढं त्याला कळलं होतं. त्याच वर्षाच्या शेवटी कम्युनिस्ट पक्षाचा नेता आस्त्रोजिल्दो पेरेरा त्याला भेटायला आला. येताना पिशवी भरून मार्क्सवादी पुस्तकं घेऊन आला. गणिताच्या पोराने ती गणितासारखीच वाचली.

१९३० मध्ये वर्गासने सत्ता उलथवायची तयारी केली आणि लष्करी नेतृत्व प्रेस्तेसने करावं म्हणून निरोप पाठवला. शस्त्रांसाठी पैसेही दिले. पलटणीतले त्याचे बहुतेक जुने साथीदार वर्गासकडे गेले. प्रेस्तेस म्हणाला, एक जमीनदार जाऊन दुसरा येणार असेल तर मला त्यात रस नाही. पैसे मात्र त्याने परत केले नाहीत, ते क्रांतीच्या कामाला लावले. वर्गास त्याच्याशिवायही जिंकला. प्रेस्तेस होकार देता तर कदाचित देशाचा दोन नंबरचा माणूस झाला असता.

त्याऐवजी १९३१ मध्ये तो आई आणि बहिणींना घेऊन मॉस्कोला गेला आणि तिथे इंजिनिअर म्हणून काम करू लागला. गंमत म्हणजे ब्राझीलचा कम्युनिस्ट पक्ष त्याला आत घ्यायलाच तयार नव्हता. मध्यमवर्गीय लष्करी पुढारी, कामगारांचा नाहीच, असा त्यांचा आक्षेप होता. शेवटी मॉस्कोतून कॉमिन्टर्नने, म्हणजे जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या मध्यवर्ती संघटनेने, दट्ट्या दिला तेव्हा १९३४ मध्ये त्याला सदस्यत्व मिळालं.

त्याच वर्षाच्या अखेरीस तो क्रांती करायला ब्राझीलकडे निघाला. सोबत संरक्षक म्हणून दिली होती २६ वर्षांची ओल्गा बेनारियो. म्युनिकच्या एका सुखवस्तू ज्यू वकिलाची मुलगी. विशीत असताना तिने बर्लिनच्या मोआबित तुरुंगात घुसून बंदुकीच्या धाकावर आपल्या साथीदाराला सोडवलं होतं. पुढे मॉस्कोत तिने लष्करी प्रशिक्षण घेतलं. खोट्या पासपोर्टवर हे दोघं हनिमूनला निघालेलं श्रीमंत पोर्तुगीज जोडपं होतं. युरोप, न्यूयॉर्क, मग दक्षिण अमेरिका असा काही महिन्यांचा प्रवास झाला. रिओला पोहोचेपर्यंत नवरा-बायकोचं नाटक नाटक उरलं नव्हतं.

१९३५ मध्ये ब्राझीलमध्ये फॅसिझमविरोधी आघाडी उभी राहिली होती आणि प्रेस्तेस तिचा मानद अध्यक्ष होता. जुलैमध्ये त्याने वर्गासला खाली खेचण्याची हाक दिली. वर्गासला हवं ते निमित्त मिळालं आणि त्याने आघाडीवर बंदी घातली. नोव्हेंबरमध्ये बंड पेटलं, पण सगळीकडे एकाच दिवशी नाही. सुरुवात झाली नाताल शहरात. (आपला नाताळ हा शब्द याच पोर्तुगीज शब्दावरून आलाय.) तिथे क्रांतिकारी सरकार चारेक दिवस टिकलं. त्याने ट्रामचं भाडं कमी केलं, बँकेची तिजोरी फोडली. दुसऱ्या दिवशी रेसिफे. रिओची पाळी २७ नोव्हेंबरला आली, तोवर सरकार सावध होऊन बसलं होतं. काही तासांत सगळं संपलं.

प्रेस्तेसचा हिशेब साफ चुकला होता. छावण्या उठल्या की कामगार रस्त्यावर येतील, असं त्याने धरलं होतं. कामगार आले नाहीत. शिवाय मॉस्कोने मदतीला पाठवलेल्या परदेशी मंडळींपैकी योहान द ग्राफ हा ब्रिटिशांचा हेर होता.

मग सुरू झाली धरपकड. रिओचा पोलीसप्रमुख होता फिलिंतो म्युलर. हा गडी कधीकाळी प्रेस्तेसच्याच बंडखोरांमध्ये होता आणि पळून गेल्याबद्दल त्याला हाकलून देण्यात आलं होतं. आता त्याच्या हातात सगळी पोलीस यंत्रणा होती. आर्थर एवर्ट या जर्मन कम्युनिस्टाचा त्याच्या लोकांनी असा छळ केला की तो कायमचा भ्रमिष्ट झाला. त्याचं वकीलपत्र घेतलं सोब्राल पिंतोने, जो कट्टर कॅथलिक आणि कम्युनिस्टविरोधी होता. माणसांचे कायदे चालेनात, तेव्हा त्याने कोर्टात प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा दाखवला. निदान जनावराइतकं तरी वागवा म्हणून. हाच वकील पुढे प्रेस्तेसच्याही बाजूने उभा राहिला.

याच दिवसांत एक गोष्ट घडली, जिच्याबद्दल प्रेस्तेसचे भक्त फारसं बोलत नाहीत. पक्षाचा सरचिटणीस ‘मिरांडा’ पकडला गेला होता. त्याची मैत्रीण एल्सा, कोवळ्या वयाची, फार न शिकलेली मुलगी. पोलिसांनी तिला पकडून सोडलं. पक्षाला संशय आला, ही फुटली. संशयावरून तिला मृत्युदंड ठरला. काही साथीदार कचरत होते, तेव्हा लपून बसलेल्या प्रेस्तेसने चिठ्ठ्या पाठवून निर्णय अमलात आणायचा आग्रह धरला. एल्साचा गळा आवळून खून झाला आणि मृतदेह एका घराच्या अंगणात पुरला. त्या चिठ्ठ्या पोलिसांच्या हाती लागल्या आणि १९४० मध्ये या खुनासाठी त्याला आणखी ३० वर्षांची शिक्षा झाली. वर्गासचं कोर्ट न्यायी नव्हतं हे खरंच. पण एल्सालाही कोर्ट मिळालं नव्हतं.

५ मार्च १९३६ ला पोलिसांनी रिओच्या मेयेर भागात प्रेस्तेसला गाठलं. त्याला दिसताक्षणी गोळी घालतील ही भीती होती. ओल्गा त्याच्या पुढे आडवी उभी राहिली. दोघं जिवंत पकडले गेले, वेगवेगळ्या गाड्यांतून नेले गेले आणि पुन्हा कधीच भेटले नाहीत.

तुरुंगात ओल्गाला कळलं की आपण गरोदर आहोत. होणारं बाळ ब्राझीलच्या नागरिकाचं आहे, आईला देशाबाहेर काढता येणार नाही, असा अर्ज सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने जूनमध्ये तो फेटाळला. सप्टेंबरमध्ये तिला आणि एवर्टच्या बायकोला ‘ला कोरुन्या’ या जर्मन जहाजावर चढवण्यात आलं. वाटेतल्या बंदरांमधले गोदी कामगार कैद्यांना सोडवतील या भीतीने जहाज थेट हॅम्बुर्गला नेलं. २७ नोव्हेंबर १९३६ ला बर्लिनच्या महिला तुरुंगात मुलगी जन्मली. नाव ठेवलं आनिता लेओकादिया. मधलं नाव आजीचं.

आजी तेव्हा साठीच्या पुढे होती. नातीसाठी आणि सुनेसाठी तिने युरोप पालथा घातला. सभा घेतल्या, समित्या उभ्या केल्या, गेस्टापोच्या दारात धडका मारल्या. मूल दूध पितंय तोवरच आईजवळ राहील, नंतर नाझींच्या अनाथालयात जाईल, असं सांगण्यात आलं होतं. अखेर जानेवारी १९३८ मध्ये १४ महिन्यांची आनिता आजीच्या हातात आली. सुनेला भेटायची परवानगी मात्र मिळाली नाही. सासू-सुनेची आयुष्यात एकदाही भेट झाली नाही.

ओल्गाला पुढे रावेन्सब्रुक छळछावणीत हलवलं. एप्रिल १९४२ मध्ये बेर्नबुर्गच्या गॅस चेंबरमध्ये तिला मारण्यात आलं. ती ३४ वर्षांची होती. चारच महिन्यांनी ब्राझीलने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं.

लेओकादिया नातीला घेऊन मेक्सिकोला गेली आणि जून १९४३ मध्ये तिथेच वारली. मुलाला अंत्यसंस्काराला येऊ द्या, तो परत येईल याची हमी म्हणून मी स्वतः ओलीस राहतो, असं मेक्सिकोचे माजी राष्ट्राध्यक्ष लाझारो कार्देनास यांनी कळवलं. वर्गासने नकार दिला. पाब्लो नेरुदाने तिच्या अंत्यसंस्कारात कविता वाचली. मुलगा कोठडीतच राहिला. त्याच वर्षी पक्षाने त्याला तो तुरुंगात असतानाच सरचिटणीस निवडलं.

आता परत १९४५ वर येऊ. प्रेस्तेस सुटला तेव्हा ओल्गाचं काय झालं हे त्याला ठाऊक नव्हतं. ती गेल्याची बातमी सुटकेनंतर आली. ऑक्टोबरमध्ये आनिता मेक्सिकोहून आली. बाप-लेकीची ती पहिली भेट होती. लेक नऊ वर्षांची होत आली होती.

वर्गासला पाठिंबा देण्यामागे मॉस्कोची तेव्हाची लाइन होती, हे उघड आहे. पण प्रेस्तेसला कुणी बळजबरी केली नव्हती. वैयक्तिक दुःखावरून राजकारण ठरवायचं नसतं, हे त्याचं म्हणणं आयुष्यभर कायम राहिलं. १९४७ मध्ये साओ पावलोच्या एका प्रचारसभेत तो आणि वर्गास एकाच व्यासपीठावर उभे राहिले. कुणाला यात मोठेपणा दिसतो, कुणाला अंगावर काटा आणणारा थंडपणा. ज्या शिस्तीने त्याला तिथे उभं केलं, त्याच शिस्तीने एल्साचा जीव घेतला होता, हे मात्र विसरता येत नाही.

राजकारणात तेव्हा त्याची चलती होती. वास्तुविशारद ऑस्कर निमायरने तर आपलं ऑफिसच पक्षाला देऊन टाकलं. डिसेंबर १९४५ च्या निवडणुकीत कम्युनिस्टांचे १४ खासदार आले, त्यात लेखक जॉर्ज आमादोही होता. प्रेस्तेस सिनेटर झाला. पण शीतयुद्ध सुरू झालं आणि मे १९४७ मध्ये पक्षाची नोंदणी रद्द झाली. जानेवारी १९४८ मध्ये सगळ्यांच्या जागा काढून घेतल्या. प्रेस्तेस पुन्हा भूमिगत झाला, तो दहा वर्षांसाठी. याच काळात मारिया त्याच्या आयुष्यात आली. आधीच्या दोन मुलांसकट ती आली आणि दोघांना आणखी सात मुलं झाली.

१९६४ मध्ये लष्कराने सत्ता घेतली. प्रेस्तेस निसटला, पण साओ पावलोच्या घरात त्याच्या वह्या राहिल्या. बैठका, नावं, कोण काय बोललं, सगळं इंजिनिअरच्या नेटकेपणाने लिहिलेलं. पोलिसांनी त्याच आधारावर कित्येकांवर खटले भरले. साथीदार भडकले नसते तरच नवल. आयुष्यभर बंडखोर राहिलेला हा माणूस आता सशस्त्र लढ्याला नको म्हणत होता, त्यामुळे कार्लोस मारिगेलासारखे नेते वेगळे झाले. मारिगेलाला १९६९ मध्ये पोलिसांनी गोळ्या घातल्या. प्रेस्तेस १९७१ मध्ये मॉस्कोला निघून गेला.

१९७९ च्या माफीनंतर तो परतला तेव्हा विमानतळावर हजारोंची गर्दी होती. पण पक्ष बदलला होता, त्याला मवाळ वाट हवी होती. ८२ वर्षांच्या म्हाताऱ्याने पक्षावरच टीका करणारं जाहीर पत्र लिहिलं. पक्षाने ३७ वर्षांच्या सरचिटणिसाला पदावरून दूर केलं. १९८९ च्या निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीत त्याने लुला नावाच्या एका कामगार पुढाऱ्याला पाठिंबा दिला. लुला हरला. त्याच महिन्यांत बर्लिनची भिंतही पडली होती.

७ मार्च १९९० ला प्रेस्तेस रिओमध्ये गेला. वय ९२. २०१३ मध्ये ब्राझीलच्या सिनेटने त्याची काढून घेतलेली जागा ६५ वर्षांनी प्रतीकात्मकरीत्या परत केली. बर्लिनमध्ये ओल्गाच्या नावाचा रस्ता आहे. आणि तुरुंगात जन्मलेली आनिता मोठी होऊन इतिहासाची प्राध्यापक झाली. तिचा अभ्यासाचा विषय होता, बापाची ती २५ हजार किलोमीटर फिरलेली पलटण.